मुखपृष्ठावरची बाई

दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) हे मोठे चित्रकार होते, हे मान्य करूनच मी पुढचा प्रश्न विचारतो. मडगावच्या या कलावंताने १९४५ साली ‘दीपावली’ काढले आणि मुखपृष्ठावरची देखणी स्त्री मराठी मध्यमवर्गाच्या घरात पोचली. रघुवीर मुळगांवकरांच्या (१९१८–१९७६) कॅलेंडरांनी अशीच बाई आमच्या चुडाव्यासारख्या गावांतल्या मातीच्या भिंतींपर्यंत आणली.

दलालांची रेषा मोजकी आहे. मानेचा बाक, पदराची चुणी दोन फटकाऱ्यांत उभी राहते. पण ही बाई करते काय? बहुधा काहीच नाही. ती फक्त पाहिली जाते. नितळ कांती, दागिने आणि फुरसत हेच तिचे सौंदर्य. खेड्यातली बाई आली तरी तिच्या घागरीला वजन नसते.

याच काळात, १९६३ साली, बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. तिथल्या बाया पोटासाठी झगडतात. आमची बाई शब्दांत आली. घराघरांतल्या रंगीत चित्रांत मात्र तिला जागा मिळाली नाही.

माझ्या वर्गात सुट्टीच्या दिवशी कापूस वेचणाऱ्या मुली आहेत. पऱ्हाटीच्या बोंडांनी ओरबाडलेले हात त्या वहीखाली लपवतात. ही लाज त्यांना कुणी शिकवली? सुंदर कोण हे ज्यांनी ठरवले, त्यांनीच कुरूप कोण हेही ठरवले.

म्हणून दलालांची रेषा टाकून देऊ नये. ती शिकावी आणि या हातांकडे वळवावी. ते काम आपल्या चित्रकारांचे आहे.