कोटितीर्थावरचा उजेड

रंकाळ्यावर कुणी जलरंगात संध्याकाळ रंगवत बसलं, की मागे उभं राहून कुणीतरी म्हणतंच, "मस्त! एकदम इम्प्रेशनिस्ट!" आपल्याकडे हा शब्द आता शाबासकीसारखा वापरला जातो. पोस्ट-इम्प्रेशनिझम मात्र आपल्याला व्हॅन गॉगच्या कानापुरताच माहीत असतो. मला या दोन्हींतला फरक नीट कळला तो आबालाल रहिमान यांच्याबद्दल विचार करताना.

मोनेचं 'इम्प्रेशन, सनराइज' हे चित्र १८७४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं. एका समीक्षकाने त्यावरून खिल्ली उडवली आणि तेच नाव चिकटलं. मोनेचा प्रश्न साधा होता: आत्ता, या घटकेला, उजेड कसा आहे? म्हणून त्याने रूआँचं कॅथीड्रल पुन्हा पुन्हा रंगवलं. इमारत तीच, वेळ वेगळी.

सेझाननेही सेंट व्हिक्टॉयर हा एकच डोंगर वर्षानुवर्षं रंगवला. पण तो विचारत होता: उजेड सरकल्यावर मागे काय उरतं? त्याच्या चित्रात डोंगर रंगांच्या तुकड्यांनी बांधला जातो, भिंत रचावी तसा. गोगँने रंग निसर्गाच्या हुकमातून सोडवले, व्हॅन गॉगने ते मनाच्या ताब्यात दिले. तिघांच्या वाटा वेगळ्या. १९१० मध्ये लंडनच्या प्रदर्शनासाठी रॉजर फ्रायने त्यांना एका नावाखाली आणलं. त्यांचा आक्षेप मात्र सारखाच होता: नुसतं डोळ्यांना दिसतं तेवढं पुरत नाही.

आता आबालाल. जे.जे.मध्ये शिकलेले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार. कोटितीर्थाच्या काठी राहून त्यांनी तेच पाणी, तीच झाडं वेगवेगळ्या प्रहरांत रंगवली. त्यांना सर्रास इम्प्रेशनिस्ट म्हटलं जातं. उजेडाच्या बाबतीत ते पटतं. पण एकाच तळ्याकडे इतकी वर्षं बघणारा माणूस फक्त क्षण टिपत नसतो, त्याला त्या जागेचा स्वभावही कळत जातो. तिथे ते मला सेझानजवळचे वाटतात. तरीही त्यांना पोस्ट-इम्प्रेशनिस्ट म्हणणार नाही. त्यांनी झाडाचं झाडपण मोडलं नाही, जवळ-दूरचं शाळेत शिकवलेलं गणितही उधळलं नाही. ते उंबरठ्यापर्यंत आले, असं फार तर म्हणेन.

माझी तक्रार त्यांच्यानंतरच्या आपल्याबद्दल आहे. चंद्रकांत मांडरे यांच्यासारख्यांनी निसर्गचित्राचं वेड कोल्हापुरात जपलं, हे मोठंच काम. पण आज रंकाळ्याच्या बहुतेक चित्रांत मला फक्त चमकतं पाणी दिसतं, आणि तेवढं तर माझा फोनही टिपतो. उजेडाचा वारसा आपण घेतला. एका जागेशी इतकी वर्षं टिकून राहायची चिकाटी मागेच राहिली.

१९२२ मध्ये शाहू महाराज गेल्यावर आबालाल यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात बुडवली, असं सांगतात. १९३१ मध्ये ते गेले. त्यांचं मोजकंच काम आज आपल्यासमोर आहे, त्यामुळे माझा हा निवाडाही अपुराच.

एक करून बघा. रंकाळ्यावर एकच जागा धरा आणि दहा संध्याकाळी तिथेच चित्र काढा. चौथ्या-पाचव्या दिवशी सूर्यास्ताचा कंटाळा येईल. तेव्हा उठू नका.