प्रत्युत्तराला जागा

आपापली पात्रे घेऊन दोन-चार माणसांनी, हाताशी कोणतीही संहिता नसताना, केवळ पडद्यावर लिहिलेल्या मजकुराच्या देवाणघेवाणीतून प्रसंग उभा करावा, ही कला आता चाळिशी ओलांडून गेली आहे; आणि तरीही तिच्या आजच्या उत्तमोत्तम म्हणून मिरविल्या जाणाऱ्या नमुन्यांचे वाचन करताना मला वारंवार जे दिसते, ते दोन माणसे शेजारी शेजारी बसून स्वतंत्र कादंबऱ्या लिहीत असल्याचे दृश्य आहे. एकाच्या पाळीला सहा परिच्छेद येतात, दुसरा आठांनी परतफेड करतो. डिस्कॉर्डवर एका संदेशास असलेली दोन हजार अक्षरांची मर्यादा पुरत नाही म्हणून एकच पाळी तीन तुकड्यांत मांडली जाते. भाषा घोटीव असते, उपमा वेचक असतात, पात्राच्या बालपणापासूनच्या जखमांचा तपशील असतो, आणि एवढे सारे वाचून झाल्यावर समोरच्याने आता नेमके कशाला उत्तर द्यावे, हे मात्र शोधूनही सापडत नाही. पुढे असा प्रसंग थंडावतो, आणि जोडीदार न सांगता निघून गेल्याची तक्रार सुरू होते. दोष नेहमी निघून गेलेल्याच्या माथी मारला जातो. माझ्या मते बहुतेक मामल्यांत तो मागे राहिलेल्याच्या लेखणीत असतो.

एसेक्स विद्यापीठातील ट्रबशॉ आणि बार्टल यांचा १९७८ चा मड हा अनेकांनी मिळून खेळायचा मजकुरी खेळ, जेम्स अ‍ॅस्पनेस यांनी कार्नेगी मेलनमध्ये १९८९ मध्ये रचलेला टायनीमड आणि त्यातून फुटलेला मश नावाच्या मजकुरी जगांचा परिवार, हे टप्पे वाचकांस ठाऊक आहेत. त्यांची बखर येथे नको. मला त्यांतील एकाच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. मशवर पात्राची कृती लिहायची तर आरंभी अपूर्णविरामाचे चिन्ह टंकावे लागे, आणि यंत्र पुढील मजकुराच्या आधी लिहिणाऱ्याच्या पात्राचे नाव आपण होऊन जोडून देई, त्यामुळे वाक्याचा कर्ता आपले पात्रच असे आणि क्रियापदही त्याच्याच कृतीचे शोधावे लागे. समोरची मंडळी त्याच वेळी पडद्यापाशी बसलेली, पाळी काही मिनिटांत यावी अशी अपेक्षा, आणि गर्दीच्या प्रसंगात आपल्यामागून तिघांनी लिहिल्याखेरीज पुन्हा तोंड उघडू नये असा अनेक ठिकाणी शिरस्ता: या तिहेरी बंधनातून जी आटोपशीर, समोरच्याकडे पाहणारी शैली घडली, तिला मी या कलेचे आजवरचे श्रेष्ठ फलित मानतो.

ती शैली काय करते, हे एका साध्या प्रसंगावरून दाखविता येईल. रात्रीची वेळ आहे; गाठोडे घेऊन आलेली एक स्त्री तरीवाल्याला पलीकडे सोडण्याची विनंती करते. तरीवाल्याच्या लेखकाने आता नदीवरचे धुके वर्णिले, याच पाण्यात बुडालेल्या भावाची आठवण चार परिच्छेद जागविली, आणि अखेरीस तो नदीकडे पाहत मूक उभा राहिला असे लिहून पाळी संपविली, तर गद्य कितीही सुंदर असो, त्या स्त्रीपाशी करण्याजोगे काही उरत नाही. तिने विनंती पुन्हा करावी किंवा आपल्याही एखाद्या मृत भावाची आठवण काढावी. आता दुसरी पाळी पाहा: ‘तरीवाला दोर सोडता सोडता थांबतो. “काल अश्शाच गाठोड्याचा एक माणूस पलीकडे नेला. परतीचं भाडं देऊन गेलाय. दोघांचं.”’ तो माणूस कोण, हे या लेखकाने ठरविलेले नाही. ती त्याला ओळखते की नाही, त्याच्यापासून पळते आहे की त्याच्याकडेच निघाली आहे, हा निवाडा सर्वस्वी समोरच्या लेखिकेच्या अखत्यारीत सोडला आहे. मात्र त्या आगाऊ दिलेल्या भाड्यामुळे तिला स्वस्थ बसण्याची सोय ठेवलेली नाही. आणि याच पाळीच्या शेवटी ‘हे ऐकून तिचा चेहरा पांढरा पडला’ एवढे एक वाक्य जोडले असते, तर सारेच फुकट गेले असते.

मराठी वाचकाला हे तत्त्व परके वाटण्याचे कारण नाही. सिंधुदुर्गातील आणि गोव्यातील जत्रांतून उभा राहणारा दशावतार याच बळावर रात्र जागवितो: आख्यान ठरलेले असते, संवाद लिहिलेले नसतात, आणि नट समोरच्याचे बोलणे ऐकून आपले बोलणे जागच्या जागी रचतो, ऐकण्यात कसूर झाली की ती समोर बसलेल्या गावकऱ्याच्याही ध्यानात येते. कीथ जॉन्स्टन यांनी ‘इम्प्रो’ या १९७९ च्या ग्रंथात सहनटाने पुढे केलेली कल्पना अडवू नये, स्वीकारावी, असे प्रतिपादन केले, आणि आज मार्गदर्शनपर लिखाणात त्याचाच जप चालतो. पण स्वीकार म्हणजे गोडीगुलाबी, अशी विलक्षण समजूत त्या जपातून रूढ झाली आहे. पात्राने खुशाल नाही म्हणावे. तरीवाल्याने होडी सोडण्यास साफ नकार द्यावा, तिने त्याच्यावर सुरी उगारावी. लेखकाने मात्र ती नदी, ते गाठोडे, तो कालचा माणूस यांचे अस्तित्व नाकारू नये. हा भेद ज्यांना कळला, त्यांचे प्रसंग महिनोन्‌महिने चालतात.

इतर संप्रदायांविषयी फार लिहिण्याची गरज मला वाटत नाही. फाशांच्या बेरजेवर संघर्षाचा निकाल लावणारी परंपरा माझ्या विषयाबाहेरची आहे. आयआरसीवरील एकओळी चकमकींत चापल्य होते, स्मृती नव्हती. आणि टपरबॉक्ससारख्या बॉटच्या साह्याने एकट्यानेच दहा पात्रांची नावे व चित्रे मिरविण्याची हौस ही वेशभूषा आहे, नाट्य नव्हे.

दुसऱ्याच्या पात्राच्या वतीने लिहिणे हा क्षुल्लक शिष्टाचारभंग मानणाऱ्यांनी लॅम्डामू या तशाच मजकुरी जगातील ते प्रकरण आठवावे, ज्याची कैफियत ज्युलियन डिबेल यांनी डिसेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये मांडली. एका सभासदाने इतरांच्या पात्रांच्या नावे वाक्ये उमटविणारा प्रोग्राम चालवून त्या पात्रांवर घृणास्पद कृत्ये लादली, आणि पडद्यामागील माणसांना झालेला क्लेश खराखुरा होता. ‘तिचा चेहरा पांढरा पडला’ या वाक्याची त्या अत्याचाराशी बरोबरी मी करीत नाही. परंतु दुसऱ्याची मुखत्यारी न विचारता बळकाविणे हे मूळ दोन्हींत समान आहे. आणि दीर्घ पाळीचा मोह लेखकाला नेमका तिकडेच ओढतो, कारण सहा परिच्छेद भरायचे तर मधल्या वेळात जोडीदाराच्या पात्राने काहीतरी केले, ऐकले, सोसले असे गृहीत धरल्यावाचून लेखणी पुढे सरकतच नाही.

या मोहाला आता सोयीस्कर जोडीदारही मिळाला आहे. २०१९ मधील एआय डंजन आणि २०२२ मध्ये सर्वांस खुले झालेले कॅरेक्टर एआय यांच्यापासून यंत्राशीच प्रसंग रंगविण्याचा रिवाज पडला. यंत्र निघून जात नाही, तत्काळ उत्तर देते, कितीही लांब पाळीला कंटाळत नाही, असे त्याचे गुण मला ऐकविले जातात. माझा आक्षेप याच गुणांना आहे. जोडीदाराची उत्तरे आखडू लागली, उशिरा येऊ लागली, म्हणजे आपण त्याला काही देत नाही आहोत हे लेखकाला कळते; ही कला माणसे शिकली ती समोरच्याच्या कंटाळ्यापासून, आणि कंटाळू न शकणाऱ्या जोडीदारापाशी ती शिकण्याचा मार्गच बंद होतो. शिवाय हेच यंत्र वापरणाऱ्याच्या पात्राच्या तोंडी अनेकदा वाक्ये घालते, आणि रोजच्या सवयीने त्याला ते खटकेनासे होते. मग तो माणसांत परत येतो तेव्हा तीच सवय बरोबर घेऊन येतो.

म्हणून असे प्रसंग चालविणाऱ्या मंडळांच्या चालकांपाशी माझे मागणे रोखठोक आहे. पाळीला किमान शब्दसंख्येची अट जेथे जेथे आहे, तेथून ती काढून टाका. प्रवेशासाठी अर्जदाराकडून त्याच्या पात्राचा स्वतंत्र नमुना मागण्याचा दस्तूर सोडा. त्याला दुसऱ्या कोणाची तरी पाळी द्या, तिच्यावर उत्तर लिहून घ्या, आणि ते उत्तर तिसऱ्याच्या हाती देऊन त्याला पुढे काय लिहावेसे वाटते ते विचारा. अट काढली तर आळशांचे फावेल, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मला मुळीच मान्य नाही: ‘तो हसला’ एवढेच लिहिणारा माणूस या परीक्षेत पहिल्याच फटक्याला उघडा पडेल, आणि किमान शब्दांची अट त्याला तोच आळस दोनशे शब्दांवर पसरायला तेवढी शिकविते.