उत्स्फूर्ततेचा घाट : बीट कवितेच्या आस्वादाचा एक प्रश्न

बीट कवितेविषयीच्या चर्चेत 'उत्स्फूर्तता' हा शब्द परस्परविरुद्ध अशी दोन कामे करीत आला आहे. समर्थकांच्या दृष्टीने तो या कवितेच्या सच्चेपणाचा दाखला आहे, तर विरोधकांच्या दृष्टीने तिच्या शैथिल्याची कबुली. १९५८ साली 'पार्टिझन रिव्ह्यू'मध्ये नॉर्मन पॉडहॉरेट्झने या लेखकांवर बुद्धिविरोधाचा जो आरोप केला, त्याचे नाते या दुसऱ्या भूमिकेशी आहे. वरकरणी हे दोन्ही पक्ष भिन्न असले तरी त्यांचे गृहीतक एकच आहे : कविता कशी लिहिली गेली हे कळले की ती कशी आहे हेही कळते. निर्मितिप्रक्रियेविषयीचे विधान अशा रीतीने मूल्यविधान म्हणून वापरले, की आस्वादकाला करण्यासारखे काही उरत नाही. त्याने एक तर भारावून जावे, नाही तर नाक मुरडावे. या कोंडीतून बाहेर पडायचे तर उत्स्फूर्ततेकडे कवितेच्या जन्माचा वृत्तान्त म्हणून न पाहता तिचा घाट म्हणून पाहणे आवश्यक ठरते.

जॅक केरुॲकने १९५३च्या सुमारास लिहिलेले उत्स्फूर्त गद्याच्या मूलतत्त्वांविषयीचे टिपण या संदर्भात नेहमी पुढे केले जाते. लिहिलेले मागे फिरून बदलू नये, विरामचिन्हांच्या रूढ व्यवस्थेऐवजी श्वास दर्शविणारी आडवी रेघ वापरावी, जाझमधील वादक जसा दोन फुंकरींमध्ये दम घेतो तसा लेखकाने घ्यावा, असे त्याचे प्रतिपादन आहे. मात्र नावांसारख्या उघड चुका आणि हेतुपूर्वक केलेली भर यांना त्याच टिपणात सूट दिलेली आहे, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. 'ऑन द रोड'ची गोष्टही अशीच आहे. एप्रिल १९५१मध्ये तीन आठवड्यांत, सुमारे १२० फूट लांबीच्या कागदाच्या गुंडाळीवर ही कादंबरी टंकलिखित झाली, ही आख्यायिका खरी आहे. परंतु त्याआधी काही वर्षे केरुॲक वह्यांतून तिची जुळवाजुळव करीत होता आणि १९५७मध्ये ती प्रसिद्ध होण्यापूर्वी तिच्यावर पुन्हा संस्करण झाले, हेही तितकेच खरे आहे.

कवितेच्या क्षेत्रात याहून बोलका पुरावा ॲलन गिन्सबर्गच्या 'हाउल'चा आहे. ७ ऑक्टोबर १९५५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिक्स गॅलरीत या कवितेचे पहिले जाहीर वाचन झाले. १९५६मध्ये ती सिटी लाइट्सतर्फे पुस्तकरूपाने आली आणि १९५७मध्ये न्यायाधीश क्लेटन हॉर्न यांनी ती अश्लील नसल्याचा निर्णय दिला. तिच्या खर्ड्यांची छायाप्रत १९८६मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा एका दमात लिहिलेली म्हणून गाजलेली ही कविता अनेक संस्करणांतून गेल्याचे स्पष्ट झाले. आरंभीच्या खर्ड्यातील ओळी विल्यम कार्लोस विल्यम्सच्या धर्तीवर तीन पायऱ्यांनी उतरत जाणाऱ्या होत्या. आज परिचित असलेली लांब, श्वासभर चालणारी ओळ नंतर आली.

या खर्ड्यांतील एक बदल विशेष चिंतनीय आहे. कवितेच्या पहिल्याच ओळीत, उद्ध्वस्त झालेल्या पिढीच्या वर्णनात, गूढानुभूती सुचविणारे एक विशेषण आधी होते. ते काढून त्या जागी उन्माद सुचविणारे विशेषण आले. पहिल्या शब्दाने कवीचा निवाडा वाचकावर आधीच लादला जात होता. दुसरा शब्द समाजाच्या आणि वैद्यकाच्या कोशातला आहे. ज्याला रुग्णालय उन्माद म्हणते त्यात दुसरे काही दिसते का, हे पाहण्याची जबाबदारी तो वाचकावर टाकतो. ही कविता कार्ल सॉलोमनला उद्देशून आहे आणि या दोघांची भेट १९४९मध्ये मनोरुग्णालयात झाली होती, हे लक्षात घेता या बदलाचे महत्त्व अधिकच पटते. पहिला विचार हाच श्रेष्ठ, अशा आशयाचे सूत्र गिन्सबर्गने पुढे पुरस्कारले. येथे मात्र अधिक उत्स्फूर्त वाटणारा शब्द पहिला सुचलेला नाही.

यावरून बीट कवींनी वाचकांची फसवणूक केली, असा निष्कर्ष काढणे हा पुन्हा त्याच गृहीतकाचा बळी होणे ठरेल. खर्डे सिद्ध करतात ते एवढेच, की उत्स्फूर्ततेचा प्रत्यय ही रचनेतून साध्य होणारी गोष्ट आहे. मन एका क्षणातून दुसऱ्या क्षणात जात असताना त्याची गती ओळीत उमटावी, हा या रचनेचा उद्देश असतो. ख्यालगायनातील उपज ऐकताना जाणता रसिक 'ही जागा आधी योजलेली होती काय' असे विचारीत नाही. राग आणि ताल यांच्या बंधनात पुढची जागा कशी सापडली आणि समेवर येताना काय घडले, इकडे त्याचे लक्ष असते. केरुॲकपुढे आदर्श असलेल्या चार्ली पार्करच्या बीबॉपमध्येही मुक्त वाटणारे वादन बहुधा ठरलेल्या स्वरसंगतींच्या आवर्तनावर उभे असते. बंधन नाही तेथे उपजही नाही.

म्हणून उत्स्फूर्त कवितेच्या वाचकाने पहिला शोध घ्यावा तो तिच्या बंधनाचा. 'हाउल'च्या पहिल्या भागात ते श्वासाचे आहे. प्रत्येक ओळ एका दमाची आणि बहुतेक ओळींच्या आरंभी तेच संबंधी सर्वनाम. या खुंटीवर परत येता येते म्हणूनच पुढची झेप घेता येते. केरुॲकच्या 'मेक्सिको सिटी ब्लूज'मध्ये (१९५९) खिशातल्या वहीचे छोटे पान हे परिमाण आहे. त्यातील २४२ 'कोरस' पानाच्या मर्यादेत थांबतात आणि कल्पना अपुरी राहिली तर ती पुढच्या पानात ओसंडते. १९६६मधील 'विचिटा व्होर्टेक्स सूत्र' गिन्सबर्गने प्रवासात ध्वनिमुद्रकावर बोलून रचले. यंत्र बंद-चालू होण्याच्या जागा छापील ओळींच्या तुटण्यात उतरल्या आहेत. व्हिएतनाम युद्धाच्या बातम्या, रस्त्याकडेचे फलक आणि कवीचा स्वतःचा स्वर यांची सरमिसळ या तुटण्यामुळेच अर्थपूर्ण होते. अधिकृत भाषा मध्येच तोडली जाते आणि तिच्यातील पोकळी ऐकू येते.

दुसरा शोध गतीचा. पुढे येणारा घटक आधीच्या घटकाला काही करतो काय, त्याला छेद देतो, उजळतो, हास्यास्पद करतो काय, की केवळ यादीत भर पडते? या कसोटीवर बीट कवितेतील बरे-वाईट वेगळे करता येते. 'मेक्सिको सिटी ब्लूज'मधील अनेक कोरस नादाच्या खेळात विरून जातात. तेथे पान संपते म्हणून कविता संपते. याउलट अखेरीकडील २३९ ते २४१ हे पार्करविषयीचे कोरस एकवटलेले आहेत. श्वासावर हुकमत असलेला वादक हा तेथे विषय आहे आणि श्वास हेच परिमाण. 'द फॉल ऑफ अमेरिका'मधील काही प्रवासकवितांत मात्र स्थळ आणि दिनांक यांपलीकडे बंधन उरत नाही आणि नोंदवहीचा सैलपणा जाणवू लागतो. दोषाचे कारण उत्स्फूर्तता हे नव्हे. परिमाणाचा ताण गेला, हे आहे.

मराठी वाचकापुढे आणखी एक अडचण आहे. 'हाउल'चा पहिला भाग जवळजवळ एकाच वाक्याचा आहे. इंग्रजीतील संबंधी सर्वनाम नामानंतर येते, रूप न बदलता पुन्हा पुन्हा येऊ शकते आणि वाक्य उघडे ठेवते. मराठीत क्रियापद बदलले की 'जे'चे 'ज्यांनी' होते, 'ज्यांना' होते. 'जे' म्हणताच कान 'ते'ची वाट पाहू लागतो. शिवाय क्रियापद अखेरीस येत असल्याने श्वासाचा भार भलतीकडे पडतो. मूळची खुंटी अशी अनुवादात निखळते आणि उरतो तो प्रतिमांचा ढीग. गिन्सबर्ग १९६२मध्ये मुंबईत येऊन गेला आणि साठोत्तरी लघुअनियतकालिकांच्या संदर्भात बीट कवींचा उल्लेख वारंवार होत आला. परंतु तो बहुधा बंडखोरी, उघड लैंगिकता, प्रस्थापितविरोध या आशयसूत्रांपुरता राहतो. ओळीच्या बांधणीचा प्रश्न बाजूला पडला की प्रभावाची चर्चाही विधानांच्या साम्यावर भागते.

ही कविता मोठ्याने वाचली पाहिजे, असे नेहमी सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र तशा वाचनाचे प्रयोजन भारावून जाणे एवढेच असू नये. दम कोठे पुरतो, कोठे तुटतो आणि कोठे उगाच ताणला जातो, हे वाचकाच्या स्वतःच्या श्वासाला कळते. ज्या कवितेने श्वास हे परिमाण मानले, तिची परीक्षा त्याच परिमाणाने करणे हा तिच्यावर अन्याय होत नाही.