मेलेला माणूस बोलतो, तरी तपास संपत नाही

रहस्यकथेचा सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा असतो : मेलेला माणूस बोलत नाही. तो बोलला असता तर गुप्तहेराची गरजच काय? धुरावरून अग्नी ओळखायचा हे अनुमानाचं काम. पण अग्नीच पुढे येऊन "मी इथे आहे" म्हणाला, तर नैयायिकानं करायचं काय?

हा प्रश्न गमतीगमतीत विचारणारी एक मालिका आम्ही आज घेतली आहे : ग्लेन कुक या अमेरिकन लेखकाच्या गॅरेट कादंबऱ्या. १९८७ च्या 'स्वीट सिल्व्हर ब्लूज'पासून २०१३ च्या 'विकेड ब्रॉन्झ अँबिशन'पर्यंत एकूण चौदा, आणि प्रत्येकीच्या नावात एक धातू. स्थळ टनफेअर हे कल्पित शहर. तिथे माणसं, बुटके, राक्षस, चेटके सगळे एकाच गल्लीत नांदतात. गॅरेट हा खासगी गुप्तहेर. जीभ तिरकस, बिअर प्यारी, आणि देखणी बाई दारात आली की अक्कल गहाण! रेमंड चँडलरच्या फिलिप मार्लोचा हा जादूच्या मुलखातला चुलतभाऊच म्हणा ना.

या गॅरेटच्या घरात 'डेड मॅन' राहतो. राहतो म्हणजे काय, चारशे वर्षांपूर्वी त्याचा खून झालाय! पण तो लॉगहिर जातीचा, आणि या जातीचा जीव देह सोडायची घाई करत नाही. नाकाच्या जागी सोंड. बोलतो ते थेट दुसऱ्याच्या मनात, आणि दुसऱ्याचं मन वाचतोही. रेक्स स्टाउटचा नीरो वुल्फ घराबाहेर पडायचं टाळतो. कुकनं तीच कल्पना टोकाला नेली. हे गृहस्थ मेले आहेत, म्हणून बाहेर पडत नाहीत!

वेताळपंचविशीत प्रेत प्रश्न विचारतं आणि जिवंत राजा उत्तर देतो. इथे उलटं आहे. उत्तर प्रेताकडे. मग तपास उरतोच कसा?

एक कारण साधं आहे. डेड मॅनची शक्ती ठराविक अंतरापर्यंतच पोचते, आणि तो पक्का आळशी. झोपला की आठवडेच्या आठवडे उठत नाही. शहरभर वणवण करून मार खायचा तो गॅरेटनंच. पण आमच्या मते खरं कारण वेगळं आहे : गुन्हा कोणी केला हे कळल्यानं पुढे काय करायचं हे कळत नाही.

'ओल्ड टिन सॉरोज' (१९८९) पाहा. मरणपंथाला लागलेल्या सेनापतीचा वाडा, तिथले जुने शिपाई, आणि गॅरेटला दिसणारी एक गूढ स्त्री. शेवट आम्ही सांगत नाही. एवढंच सांगतो, की रहस्य उलगडतं पण मन शांत होत नाही. त्या स्त्रीचं चित्र गॅरेट आपल्या कचेरीत लावतो आणि पुढच्या पुस्तकांत तिच्याशी बोलत बसतो. विनोदी मालिकेत ही जागा फार हळवी आहे बरं का.

या सगळ्यामागे एक युद्ध आहे, चांदीच्या खाणींसाठी पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. गॅरेट त्यात पाच वर्षं लढून आलेला. 'फेडेड स्टील हीट' (१९९९) मध्ये ते संपलेलं असतं. शिपाई घरी परततात, हाताला काम नाही, आणि 'द कॉल' नावाची चळवळ त्यांना शत्रू दाखवते : शेजारचे बुटके, राक्षस, संकरज. इथे मन वाचणारा काय करणार? द्वेष लपलेलाच नाही, तो रस्त्यावर घोषणा देतोय. गुन्हेगार शोधायला अनुमान पुरतं. गर्दीपुढे उभं राहायला ते पुरत नाही. विनोदाचं पांघरूण घेऊन कुक आपल्याला इथवर आणून सोडतो, हे त्याचं मोठेपण.

उणिवा आहेतच. स्त्रिया बहुतेकदा गॅरेटच्या नजरेपुरत्या उरतात, कथानकांचा गुंता कधी कधी लेखकालाच आवरत नाही, आणि तेच ते विनोद पुन्हा भेटतात. त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही.

तरीही आम्ही म्हणू, की ज्ञान आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवणं अवघड जातं. इथे एक जण सगळं जाणतो आणि खुर्चीतून हलत नाही. दुसरा अर्धवट जाणतो आणि दार उघडून बाहेर पडतो. सुरुवात 'ओल्ड टिन सॉरोज'पासून करा. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.