मर्सियातील आप्तभाव

मर्सिया या उर्दू काव्यप्रकारास मराठीत 'विलापिका' म्हणण्याचा प्रघात आहे. कोशापुरता तो चालेल. अभ्यासकाने मात्र त्यावर विसंबू नये. विलापिकेत कवी आपल्या माणसासाठी एकटा शोक करतो. गालिब १८६९ मध्ये निवर्तल्यावर हालीने रचलेला मर्सिया त्या अर्थाने विलापिकाच होय. लखनौच्या परंपरेतील मर्सियाची जात निराळी आहे. इ. स. ६८० मध्ये करबला येथे इमाम हुसैन व त्यांचे सोबती मारले गेले. त्या घटनेचा शोक येथे मुहर्रमच्या मजलिशीत, मिंबरावरून, जमलेल्या समुदायापुढे व्यक्त होतो. शेवट श्रोत्यांस ठाऊक असतो; किंबहुना ते रडण्यासाठीच आलेले असतात.

गोवळकोंडा आणि विजापूर येथे दखनीत मर्सिये रचले जात होतेच. पुढे सहा चरणांचा मुसद्दस हा त्याचा प्रमुख घाट ठरला आणि जमीर व खलीक यांच्यामागून अनीस व दबीर यांनी त्यास महाकाव्याचा विस्तार दिला. चेहऱ्यापासून, म्हणजे प्रस्तावनेपासून, निरोप, रणांगणावरील आगमन, युद्ध, हौतात्म्य असे टप्पे घेत मर्सिया 'बैन' म्हणजे विलापापाशी येतो. शिबली यांनी १९०७ मध्ये या दोघांची तुलना करून अनीसला श्रेष्ठ ठरविले. तीत दबीरवर थोडा अन्यायच झाला, असे माझे मत आहे. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.

अनीसवर एक जुना आक्षेप आहे. त्याच्या करबलेतील अरब स्त्रिया अवधच्या खानदानी घराण्यातील स्त्रियांप्रमाणे बोलतात, कासिमच्या विवाहात मेंदी आणि सेहरा येतो, तेव्हा हा इतिहासाचा विपर्यास नव्हे काय? वस्तुस्थिती म्हणून हे खरे आहे. टीका म्हणून पोकळ आहे. अनीसच्या एका प्रसिद्ध मर्सियात झैनबचे दोन कोवळे पुत्र, औन आणि मुहम्मद, सैन्याचा ध्वज आपणांस मिळावा अशी आशा धरतात. आई त्यांना खडसावते: एवढेसे तुमचे वय, आणि ही हाव! ही मुले आजच मरणार आहेत, हे ती जाणते आणि श्रोताही जाणतो. ते खडसावणे जर परक्या, ऐतिहासिक भाषेत आले असते, तर श्रोत्याने तिचा आदर केला असता, एवढेच. येथे तो तिच्यात आपल्या घरातील करारी वडीलधारी स्त्री ओळखतो. बैन येण्यापूर्वीच शोकाची सारी सिद्धता या रागावण्यात झालेली असते. 'आता रडा' असे कवीला सांगावे लागत नाही.

याचा प्रत्यय मला अनुवाद करताना आला, तोही स्वतःच्या चुकीतून. प्रारंभी मी झैनबच्या तोंडी हुसैन यांच्यासाठी 'बंधो' हे संबोधन घातले. भाषा भारदस्त झाली आणि प्रसंग पौराणिक नाटकासारखा निर्जीव झाला. मग 'दादा, तुम्ही' असे केले; धाकट्या बहिणीची माया आणि जुन्या घराण्याची अदब दोन्ही साधली. परंतु हुसैन पडल्यानंतर तिने 'तुम्ही'च म्हणत राहावे, की आमच्या बायकांच्या आक्रंदनाप्रमाणे 'दादा रे' असे एकेरीवर यावे? पहिल्याने घराण्याचा आब राहतो, दुसऱ्याने गळा दाटतो. अनीसपाशी या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. त्या बंदाचे दोन मसुदे अजून माझ्या मेजावर पडून आहेत.