धुऊन घेतलेले चित्रपट

चित्रपटावर मत देण्याचा अधिकार नेमका कोणाला, हा वाद पुण्या-मुंबईकडे वर्षानुवर्षे चालला असेल. आमच्या महाडात त्याचा निकाल कधीच लागला आहे. ज्याच्या घरी डीव्हीडीचे यंत्र चालते आणि ज्याच्या कपाटात सीडी आहेत, तो टीकाकार! हे पद मला मिळाले ते २००७ साली. त्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली आणि माझ्यासारख्या शाळामास्तरालाही चित्रपट 'विकत घेणे' परवडू लागले. तोवर चित्रपट ही पाहून यायची वस्तू होती. आता ती पितळी डब्यांच्या शेजारी कपाटात येऊन बसली. आमच्या मातोश्री मात्र सीडीला अजून तबकडीच म्हणतात. ग्रामोफोन पाहिलेल्या माणसाला त्यात नवे ते काय वाटणार?

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी दोघी एकदम गावात शिरल्या. आम्ही माडीवर होतो म्हणून वाचलो. पाणी ओसरल्यावर खाली उतरलो, तर कपाट आडवे आणि सत्तर-ऐंशी सीडी चिखलात. नळाला पाणी नाही, वीज नाही, फोन मुके. टँकरचे पाणी मोजून मिळायचे. त्यातली एक बादली मी सीडींसाठी मागितली, तेव्हा सौभाग्यवतींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेचे वर्णन करण्यात अर्थ नाही. भांडी झाल्यावर उरलेली अर्धी बादली मिळाली. सीडी धुताना मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ हात फिरवावा लागतो. गोल फिरवला तर ओरखडा रेघेबरोबर जातो आणि चित्र तिथे कायमचे अडखळते. म्हणजे काम सावकाशीचे आणि पाणी थोडे. तेव्हा प्रश्न आला, आधी कोणती?

इतकी वर्षे मी चार माणसांत जी मते ऐटीत सांगत आलो, ती त्या अर्ध्या बादलीपुढे टिकली नाहीत. ज्या भव्य ऐतिहासिक चित्रपटाची मी दोनदा शिफारस केली होती, त्याच्याकडे माझा हात गेलाच नाही. नाव घेत नाही. तो चिखलातच राहिला.

पहिला हात गेला 'संत तुकारामा'वर. दामले-फत्तेलालांचा हा १९३६ सालचा प्रभातचा बोलपट. पुढच्याच वर्षी व्हेनिसला त्याचा गौरव झाला, हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण घरी तो आठ-दहा वेळा पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, हा चित्रपट जितका विष्णुपंत पागनीसांचा, तितकाच जिजाई झालेल्या गौरीबाईंचा आहे. यंत्रावर चित्र थांबवता येते, मागे नेता येते. या सोयीपुढे चमत्कार फिके पडतात. दोनदा मागे नेऊन पाहिले की युक्ती कळते. पण मूल आजारी पडल्यावर वहाण उगारून देवळात शिरणारी आणि नवरा डोंगरावर जाऊन बसला तर त्याच्यामागे जेवण घेऊन चढणारी ती बाई कितीही वेळा मागे न्या, तिच्यात युक्ती सापडत नाही. ती संसार चालवते आहे. आमच्या नव्या रुंद टीव्हीवर हे जुने चौकोनी चित्र आडवे ताणले जाते आणि तुकोबा एकाएकी धष्टपुष्ट दिसू लागतात. चिरंजिवांनी ते रिमोटवर नीट करून दिले, तेव्हा कुठे देहूची माणसे पुन्हा हाडकुळी झाली.

पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे जुन्या नायट्रेट फिल्मांचे कोठार जळाले होते. तिथे आग, इथे पाणी. हातातली २८ रुपयांची सीडी धरून मी त्या दिवशी जरा वेळ तसाच उभा होतो.

दुसरी सीडी मातोश्रींच्या हुकमाने धुतली. 'श्यामची आई'. अत्र्यांच्या या १९५३ सालच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. श्यामचे पालगडही आमच्यापासून फार लांब नाही, त्यामुळे तो आमच्याकडे नात्यातला समजला जातो. माझे त्याच्याशी जमत नाही. उपदेश फार, आणि घरात बसून पाहताना तो अधिकच लांबतो. थिएटरात सगळेच डोळे पुसत असतात, इथे आपण एकटे सापडतो. एकदा धीर करून मी आईला हे बोललो. ती म्हणाली, "तुला उपदेश ऐकू येतो. मला त्या बाईचं कर्ज दिसतं." तेव्हापासून वनमालाबाईंकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. उपदेश मात्र लांबतोच.

'सिंहासन' (१९७९) लहान पडद्यावर वाढतो, असे माझे ठाम मत आहे. जब्बार पटेलांचा हा चित्रपट खोल्यांतला आहे: बंद दारे, टेलिफोन, घाम आलेले चेहरे. निळू फुल्यांचा पत्रकार दिगू कोपऱ्यात उभा राहून ऐकतो आणि घरी पाहताना आपणही तसेच कोपऱ्यात उभे असतो.

त्यांचाच 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' मात्र लहान पडद्यावर निम्मा होतो, असे मी मानत होतो. गर्दी बत्तीस इंचांत मावत नाही. शेजारच्या काकांनी माझे हे मत मोडून काढले. त्यांची तिसरी पिढी दर २० मार्चला चवदार तळ्यावर जाते आणि आमच्या घरापासून ते तळे चालत दहा मिनिटांवर आहे. पुरानंतर माझ्याकडची हिंदी सीडी धुऊन चालू झाली, त्या दिवशी ते पाहायला आले. महाडचा प्रसंग आला. मामुट्टींनी ओंजळीत पाणी घेतले, तेव्हा काका म्हणाले, "थांबवा." चित्र थांबवले. ते बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "गर्दी कशाला मोजता, मास्तर? पाणी बघा." १९२७ साली ज्या पाण्यासाठी माणसे चालून गेली, त्याच गावात आम्ही गेले दहा दिवस पाण्याला शिव्या देत, वर पाण्याच्याच टँकरची वाट पाहत बसलो होतो. मी काही बोललो नाही. त्या प्रसंगाला जो मोठा पडदा लागतो असे मला वाटे, तो खरोखर लागत नाही.

एकंदर एकतीस सीडी वाचल्या. बाकीच्यांची चांदी सुटली किंवा माझा धीर.

एक मात्र पुरात सापडलीच नाही. 'अशी ही बनवाबनवी' धाकट्या बहिणीने आधीच पोलादपूरला नेली होती. १९८८ सालच्या या चित्रपटाला मी पूर्वी नाक मुरडत असे. कथा मूळची 'बीवी और मकान'ची, आणि पुरुषांनी लुगडी नेसली की हसायचे, यात कला कोणती? पण बहिणीच्या घरी पुरानंतर चार दिवस राहायला गेलो, तेव्हा तिची सासू, दीर, मुले आणि आम्ही दोन पूरग्रस्त, सगळ्यांनी मिळून तो पाहिला. सौभाग्यवती त्या महिन्यात पहिल्यांदा हसल्या. मला तेव्हा उमगले ते अशोक सराफांचे. हा माणूस एकदाही विनोदी चित्रपटात असल्यासारखा वागत नाही. त्याला खरोखरच राहायला खोली हवी आहे. डोक्यावरचे छप्पर जाण्याची भीती त्याच्या तोंडावर आहे आणि म्हणून त्याच्या शेजारी लक्ष्मीकांत बेर्ड्यांचा धांगडधिंगा चालून जातो. आम्हाला त्या दिवसांत ती भीती जरा जास्त कळत होती, हेही खरे.

निघताना मी सीडी परत मागितली. बहीण म्हणाली, "राहू दे, दादा. तुमच्याकडे पाणी येतं."

ती अजून पोलादपूरलाच आहे.