कुपवाडचे व्याकरण आणि आमची इंग्रजी

दुसऱ्या भाषेच्या संगतीने भाषेचे व्याकरण सोपे होते की बिघडते, हा प्रश्न वरवर भाषाशास्त्राचा. पुण्यात तो जातीचाही आहे. 'पानी', 'लोनी' म्हणणारा माणूस इथे एका शब्दात ओळखला जातो. ण आणि न यांतला भेद त्याने ठेवला नाही, म्हणून तो अशुद्ध. पण शुद्धतेचे हेच राखणदार इंग्रजी बोलतात तेव्हा काय करतात? त्या भाषेत वाक्याच्या शेवटी जोडायचा प्रश्न कर्ता, काळ, क्रियापद पाहून बदलतो. आमचे सुशिक्षित त्या साऱ्या रूपांऐवजी एक 'इझन्ट इट' ठोकून मोकळे होतात. मराठीतला 'ना' सगळीकडे चालतो, तसा. याला मात्र कोणी अशुद्ध म्हणत नाही.

निस्सीम एझिकेल यांची 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' ही कविता 1976 च्या 'हिम्स इन डार्कनेस' या संग्रहात आहे. तिच्यातला विनोद बराचसा चालू काळाच्या अतिवापरावर उभा आहे. एझिकेल यांचा कान तिखट, हे मान्य. पण जाणणे, आवडणे अशी काही क्रियापदे इंग्रजीत चालू काळ सहसा घेत नाहीत; इथला माणूस तो अपवाद मोडतो आणि नियम सर्वांना सारखा लावतो. मला यात हसण्यासारखे काही दिसत नाही. कविता त्या वक्त्याला चुकणारा समजते. तो नियम करणारा आहे, हे तिला दिसत नाही.

पीटर ट्रडगिल यांचे म्हणणे असे की मोठ्या वयात भाषा शिकणारे पुष्कळ असले की व्याकरणातले अडथळे गळून पडतात. लहानपणापासून दोन भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदल्या तर उलट भर पडते. खुद्द इंग्रजीची नामे आपली जुनी लिंगे आणि बहुतेक विभक्तिप्रत्यय गमावून बसली आहेत. तिने 'तू' आणि 'तुम्ही' हा भेदही टाकला. (ही गळती मला तरी प्रिय आहे. निदान सर्वनामापुरता पाटलाला इंग्रजीत आमच्या बापाला 'तू' आणि सावकाराला 'तुम्ही' म्हणता येत नाही.)

आता सांगली जिल्ह्यातले कुपवाड पाहा. गंपर्झ आणि विल्सन यांचा त्या गावावरचा निबंध 1971 साली आला. कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू तिथे शतकानुशतके शेजारी. तिथल्या मराठीने नदी, झाड, दगड यांची लिंगे सोडून दिली. माणूस वगळता सारे कन्नडप्रमाणे नपुंसक. हे सोपे होणे. तिथल्या उर्दूने मात्र 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद, जो तिच्याकडे नव्हता, उचलून घेतला. ही भर. म्हणजे संगतीने भाषा फक्त झिजते, हे खोटे. एका गावात, एकाच काळात, दोन्ही घडले.

त्या निबंधातली मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच. वाक्यरचना इतकी एक झाली की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येते, पण शब्द मात्र वेगळेच राहिले. का? घरात कोणती भाषा बोलायची, ते जातीने ठरवले होते. जमीन कन्नड बोलणाऱ्या जैनांकडे आणि उर्दू बोलणाऱ्या मुसलमानांकडे. मराठी ही तिथल्या अस्पृश्यांची आणि भूमिहीनांची घरची बोली. बाजारात, शेतावर बोलणे मिसळले, व्याकरण मिसळले. रोटीबेटी मिसळली नाही, म्हणून शब्दही मिसळले नाहीत. चावडीवरच्या समाईक बोलण्यासाठी मराठी 'तटस्थ' मानली जाई, असे अभ्यासक सांगतात. ती ज्यांच्या घरची होती त्यांना त्या चावडीवर कुठे बसवत, ते आमच्या समीक्षकांनी विचारायला हवे होते.

आमची मुले इंग्रजी शिकतात ती घरी नव्हे, शाळेत आणि बहुधा उशिरा. त्यांच्या हातून काही अपवाद गळतील. 'आपण'सारखे काही त्या भाषेत नाही. ते तिच्यात कसे आणायचे, हे अजून कोणी मांडलेले माझ्या वाचनात नाही.